बॅकअप चालू असताना बिल का अडतं? लिनक्सच्या चार डिस्क-शेड्युलरचं परीक्षण

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं घाऊक दुकान असो, गुजरीतली पेढी असो की शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत, बहुतेक ठिकाणी एकाच संगणकावर दोन कामं चालतात. पुढे काउंटरवर बिलं फाडायची आणि मागे सगळ्या हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावात ही प्रत रोज निघालीच पाहिजे. पण प्रत निघायला लागली की काउंटरचा पडदा गोठतो, गिऱ्हाईक ताटकळतं, आणि मालक वैतागून बॅकअप बंद करायला सांगतो. मग कोणी रॅम वाढवतं, कोणी प्रोसेसर बदलतं. दोष मात्र बहुतेक वेळा रांगेत असतो. डिस्ककडे जाणाऱ्या रिक्वेस्ट कोणत्या क्रमाने आणि किती एकदम सोडायच्या, हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, एक पातळ थर ठरवतो. त्याला आय-ओ शेड्युलर म्हणतात.

आजच्या लिनक्समध्ये असे चार पर्याय मिळतात: एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू, कायबर आणि 'नन', म्हणजे शेड्युलरच नाही. चारही फुकट आहेत. खर्च आहे तो जाणकार माणसाच्या तासाभराचा.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत होते. हवा तो सेक्टर (डेटाचा तुकडा) हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड सरकायला आणखी ८ ते ९. एका विखुरलेल्या रिक्वेस्टमागे असे १२-१३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० रिक्वेस्ट होतात. प्रत्येक रिक्वेस्ट ४ केबीची धरली तर सेकंदाला फार तर ३२० केबी. तीच डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० ते १५० एमबी देते. शेड्युलरची सगळी कमाई या दोन आकड्यांमधल्या दरीतून येते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, सरकायला हेड नाही, त्यामुळे तिथे क्रम लावून फारसं हाती लागत नाही. तिथे प्रश्न न्यायाचा असतो: कोणाच्या लिखाणाच्या ढिगाखाली कोणाचं वाचन दबलंय.

एमक्यू-डेडलाइन: भरवशाचा, पण माणूस ओळखत नाही

सॅटाच्या, म्हणजे साध्या केबलने मदरबोर्डला जोडलेल्या, डिस्कला बहुतेक वितरणांत (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या आवृत्त्यांत) हाच मिळतो. कर्नल ४.११ मध्ये, २०१७ साली आला. जुना 'डेडलाइन' नव्या अनेक-रांगांच्या व्यवस्थेत बसवून तयार केलेला. काम केएमटीच्या बससारखं: एका दिशेने निघालं की वाटेतले सगळे थांबे घेत जायचं, मागे वळायचं नाही. वाचनाची आणि लिखाणाची रांग वेगळी, आणि दोन्ही सेक्टरच्या क्रमाने लावलेल्या. शिवाय प्रत्येक रिक्वेस्टला मुदत असते: वाचनाला ५०० मिलिसेकंद, लिखाणाला ५ सेकंद. मुदत उलटली की बस आडवाटेला वळून त्या थांब्यावर जाते.

इथे एक आकडा नीट समजून घ्यावा: 'फिफो-बॅच'. मूळ किंमत १६, म्हणजे एका दमात १६ रिक्वेस्ट सोडल्या जातात. हार्ड डिस्कवर त्या अगदी विखुरलेल्या असतील तर १६ गुणिले १२, जवळपास २०० मिलिसेकंद. लिखाणाची एक बॅच सुटली की काउंटरवरचं वाचन तेवढा वेळ बाहेर उभं राहतं. ही किंमत ४ केली तर थांबणं ५० मिलिसेकंदांवर येतं, पण एकूण वेग घटतो. बिलिंगच्या मशीनवर तो सौदा फायद्याचा. रात्रभर फाइली हलवणाऱ्या स्टोरेजवर मात्र नुकसानीचा, तिथे १६ च राहू द्यावेत. 'राइट्स-स्टार्व्ह्ड'ची मूळ किंमत २ आहे. वाचनाच्या दोन बॅच झाल्या की लिखाणाला एक पाळी मिळते. ती बदलायची गरज क्वचितच पडते.

त्याचा खरा दोष वेगळा आहे. रिक्वेस्ट कोणत्या प्रोग्रामची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बॅकअप म्हणजे लांबलचक सलग वाचन, आणि ते सेक्टरच्या क्रमात छान बसतं. त्यामुळे बॅचवर बॅच त्यालाच मिळतात. काउंटरच्या सॉफ्टवेअरला एका गिऱ्हाइकाची नोंद हवी असते, डिस्कच्या दुसऱ्या टोकाची. ती मुदत उलटेपर्यंत, म्हणजे अर्धा सेकंद, पडून राहू शकते. बिल उघडायला अशी दहा-बारा वाचनं एकामागून एक लागत असतील तर ५-६ सेकंद गेले. दुकानदार ज्याला 'मशीन हँग झालं' म्हणतो, त्यातला मोठा भाग हाच.

कर्नल ५.१४ पासून यात सुधारणा झाली. एमक्यू-डेडलाइन आता प्राधान्याचे वर्ग पाळतो. बॅकअपची आज्ञा 'आयओनाइस' या प्राधान्य ठरवणाऱ्या साधनाने तिसऱ्या वर्गात, म्हणजे 'आयडल'मध्ये सुरू केली, तर तिच्या रिक्वेस्ट इतरांच्या मागे जातात. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ आहे आणि उबुंटू २२.०४ मध्ये ५.१५, तिथे हे चालतं. डेबियन ११ मध्ये ५.१० आणि उबुंटू २०.०४ मध्ये मूळ ५.४. तिथे तीच आज्ञा बिनबोभाट चालते, चूक दाखवत नाही आणि उपयोगही काही होत नाही. कित्येक ठिकाणी बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आयओनाइस वर्षानुवर्षं शोभेला उभा आहे तो यामुळेच.

बीएफक्यू: हार्ड डिस्कसमोर माणूस बसत असेल तर हाच

बीएफक्यूमागचं मुख्य नाव इटलीतल्या मोदेना विद्यापीठाच्या पाओलो व्हालेन्ते यांचं. कर्नल ४.१२ मध्ये, जुलै २०१७ मध्ये तो मूळ प्रवाहात आला. यात प्रत्येक प्रोग्रामची रांग वेगळी. अंबाबाईच्या देवळात मुखदर्शनाची रांग वेगळी असते म्हणून दोन मिनिटांसाठी आलेला माणूस गाभाऱ्याच्या रांगेत अडकत नाही, तसंच हे. प्रत्येक रांगेला सेक्टरच्या हिशेबात बजेट मिळतं. बजेट संपलं किंवा १२५ मिलिसेकंद झाले की पुढची रांग.

यातली हुशारी 'स्लाइस-आयडल'मध्ये आहे. एका प्रोग्रामचं वाचन पुरं झालं की बीएफक्यू ८ मिलिसेकंदांपर्यंत हात राखून थांबतो. प्रोग्राम आलेली माहिती बघून लगेच शेजारची मागतो, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. थांबला नसता तर हेड बॅकअपकडे पळालं असतं आणि परत यायला पुन्हा १२ मिलिसेकंद मोजावे लागले असते. हार्ड डिस्कवर हे थांबणं वसूल होतं. शिवाय 'लो-लेटन्सी' चालू असते, त्यामुळे नुकताच उघडलेला प्रोग्राम ओळखून त्याचं वजन काही काळ वाढवलं जातं. राजारामपुरीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत ५०-६० जीबीचे लग्नाचे फोटो कॉपी होत असताना फोटोशॉपसारखं जड सॉफ्टवेअर उघडायचं असेल, तर फरक डोळ्यांना दिसतो.

मग सगळीकडे हाच का नको? कारण डेटाबेस सर्व्हर. एकाच वेळी दहा-पंधरा धागे (प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) छोटी वाचनं-लिखाणं करतात आणि प्रत्येक नोंदीला 'एफसिंक', म्हणजे ती डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री, मागतात, तेव्हा एका धाग्यासाठी थांबलेले ८ मिलिसेकंद बाकीच्यांच्या खिशातून जातात. तिथे स्लाइस-आयडल शून्य करावा आणि लो-लेटन्सी बंद ठेवावी, नाहीतर सरळ एमक्यू-डेडलाइनवर यावं. पण शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ड्रॉइंग ठेवलेला सांबा (नेटवर्कवरून फाइली वाटणारा) सर्व्हर असेल तर गोष्ट वेगळी. सांबा प्रत्येक क्लायंटसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो, त्यामुळे बीएफक्यूला माणसं वेगळी ओळखू येतात, आणि एकाने मोठी फाइल ओढली तरी बाकीचे अडत नाहीत.

प्रत्येक रिक्वेस्टमागे बीएफक्यू प्रोसेसरचं काम जास्त करतो. सेकंदाला ८० रिक्वेस्ट देणाऱ्या डिस्कवर ते जाणवतही नाही. सेकंदाला लाखो रिक्वेस्ट झेलणाऱ्या एनव्हीएमईवर (सॅटाहून वेगळ्या वाटेने जोडलेल्या वेगवान एसएसडीवर) तेच काम गळ्याशी येतं.

कायबर आणि 'नन'

कायबर बीएफक्यूसोबतच ४.१२ मध्ये आला. वाचनाला २ मिलिसेकंद आणि लिखाणाला १० मिलिसेकंद असं लक्ष्य धरून तो रांगेची खोली कमी-जास्त करतो. वेगवान एसएसडीच्या सर्व्हरसाठी तो ठीक. हार्ड डिस्कला विखुरलेल्या कामात २ मिलिसेकंद जमणारच नाहीत, म्हणजे कायबर कायम ब्रेकवर पाय ठेवून बसणार. कोल्हापुरातल्या दुकानी मशीनवर त्याला जागा नाही.

'नन' एनव्हीएमईसाठी उत्तम आणि मूळ निवडही तीच असते. एएचसीआयच्या (सॅटा चालवण्याच्या आधुनिक पद्धतीच्या) सॅटा डिस्कला ३२ कमांडची एकच रांग असते. एनव्हीएमईच्या मानकात ६५,५३५ पर्यंत रांगा आणि प्रत्येकीत ६५,५३६ पर्यंत नोंदींची सोय आहे. प्रत्यक्षात ड्राइव्ह त्याहून खूप कमी देतो, पण प्रत्येक प्रोसेसर कोअरला आपली रांग मिळाली की कोणाला कोणासाठी कुलूप धरून थांबावं लागत नाही. मध्ये शेड्युलर घातला की तो फायदा तिथेच घालवला. व्हर्च्युअल मशीनच्या आतही 'नन'च ठेवावा, क्रम लावायचं काम खालच्या यजमान यंत्रणेचं.

हात लावण्याआधी काय तपासायचं

डिस्कचं कामच नीट चालत नसेल तर शेड्युलर बदलून काही होणार नाही. जुन्या मशीनच्या बायोसमध्ये सॅटा अजून 'आयडीई' मोडवर असतो. तसं असेल तर एनसीक्यू (डिस्कची स्वतःची कमांडची रांग) बंद, आणि ३२ कमांडऐवजी एका वेळी एकच. कर्नलच्या संदेशांत डिस्कच्या नावापुढे एनसीक्यूची 'डेप्थ ३२' दिसली पाहिजे. 'शून्य तिरपी रेघ बत्तीस' दिसली तर मोड चुकीचा. लिनक्सवर तो एएचसीआय केला तर सहसा मशीन निमूट सुरू होतं. त्याच मशीनवर आयडीई मोडमध्ये बसवलेलं विंडोज ७ असेल तर मात्र निळा पडदा आणि ७बी ही चूक. तिथे आधी एएचसीआयचा ड्रायव्हर रजिस्ट्रीत चालू करावा, मग बायोस बदलावा.

त्याच संदेशांत 'लिंक-अप'चा वेगही बघावा. ६ गिगाबिटची डिस्क १.५ वर उतरलेली दिसली तर केबल बदला, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. स्मार्टमधला (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीतला) १९९ क्रमांक वाढत असेल तर पहिला संशय केबलवर, १९७ वाढत असेल तर डिस्कवर. एनसीक्यूत एक कमांड फसली की डिस्क हातातल्या सगळ्या कमांड टाकून देते आणि ड्रायव्हर त्या पुन्हा पाठवतो. म्हणजे एका खराब सेक्टरची शिक्षा ३२ जणांना. आणि मशीन दर वेळी साधारण ३० सेकंद गोठून मग सुटत असेल, तर ती कमांडची मुदत संपण्याची वेळ आहे, कारण तिची मूळ किंमतच ३० सेकंद. अशा डिस्कवर शेड्युलरचे प्रयोग करत बसू नका, आधी डेटा बाहेर काढा.

यूएसबीच्या डब्यातल्या डिस्कचं दुखणं निराळं. डबा जुन्या 'बल्क-ओन्ली' पद्धतीचा असेल तर एका वेळी एकच कमांड जाते. 'यूएएस' चालणारा डबा असेल तर रांग लागते. 'एलएसयूएसबी' झाडाच्या स्वरूपात पाहिलं की कोणता ड्रायव्हर लागलाय ते कळतं. बरेच डबे आतल्या एसएसडीलाही 'फिरणारी डिस्क' म्हणूनच ओळख देतात, त्यामुळे आपोआप लागणारे नियम चुकतात.

बॅकअप वाचताना शेड्युलर मदत करतो, पण लिहिताना अडथळा वेगळ्याच ठिकाणी असतो. कर्नल लिखाण आधी रॅममध्ये साठवतो आणि मूळ मर्यादा वापरता येण्याजोग्या मेमरीच्या २० टक्के असते. ८ जीबीच्या मशीनवर हा ढीग दीड जीबीच्या घरात जातो. पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहीत असेल तर तो उपसायला अडीच मिनिटं. त्या काळात दुसऱ्या डिस्कवर लिहिणारा प्रोग्रामही अडकू शकतो. 'डर्टी-बाइट्स' २५६ एमबी, म्हणजे २६८४३५४५६, आणि 'डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स' ६४ एमबी, म्हणजे ६७१०८८६४ केले की ढीग लहान राहतो आणि उपसा लवकर सुरू होतो. बाइट्समधली किंमत भरली की टक्क्यांची किंमत आपोआप शून्य होते, त्याने घाबरू नये. आयओनाइसचा या साठवलेल्या लिखाणावर परिणाम होत नाही, कारण ते डिस्कवर उतरवणारा धागा कर्नलचा असतो, तुमच्या बॅकअपचा नव्हे.

बदल कसा करायचा

'सिस' फोल्डरमध्ये ब्लॉक, त्यात डिस्कचं नाव, त्यात 'क्यू', आणि तिथे 'शेड्युलर' नावाची फाइल. ती वाचली की चौकटी कंसात चालू पर्याय दिसतो. रूट होऊन तीत दुसरं नाव लिहिलं की त्या क्षणापासून बदल लागू, मशीन बंद करावं लागत नाही. काही वितरणांत बीएफक्यू वेगळं मॉड्यूल असतं आणि यादीत दिसत नाही, तेव्हा आधी 'मॉडप्रोब'ने चढवावं. बूटच्या ओळीत 'एलिव्हेटर' लिहायचा जुना सल्ला अजून फिरतो. कर्नल ५.० मध्ये, मार्च २०१९ मध्ये जुनी एक-रांगेची व्यवस्था काढली, तेव्हापासून त्याचा उपयोग नाही. कायमचा बदल यूडेव्हच्या (डिव्हाइस जोडलं की नियम लावणाऱ्या सेवेच्या) नियमाने करावा: डिस्क जोडली किंवा बदलली, नाव एसडीने सुरू होतं आणि 'रोटेशनल' १ आहे (म्हणजे फिरणारी डिस्क), तर शेड्युलर बीएफक्यू, 'रोटेशनल' शून्य असेल तर एमक्यू-डेडलाइन.

फायदा झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. 'आयओस्टॅट' विस्तारित स्वरूपात दर सेकंदाला चालवा आणि बॅकअप सुरू असताना वाचनाचा 'अवेट', म्हणजे एका रिक्वेस्टला सरासरी लागलेला वेळ, बघा. काउंटरसाठी तो आकडा कामाचा. शेवटचा 'युटिल' टक्का, म्हणजे डिस्क किती वेळ कामात होती तो, हार्ड डिस्कवर अर्थपूर्ण असतो. एसएसडीवर तो १०० दिसला तरी डिस्कला आणखी काम झेपू शकतं, कारण ती एका वेळी अनेक रिक्वेस्ट करत असते. दोष रांगेत की डिस्कमध्ये हे ठरवायचं असेल तर 'बीएलकेट्रेस'. त्याच्या नोंदींत क्यू (रिक्वेस्ट आली) ते डी (ड्रायव्हरकडे सोडली) हा वेळ कर्नलच्या रांगेतला आणि डी ते सी (पुरी झाली) हा ड्रायव्हर-डिस्कचा. दुसरा वेळ मोठा आणि पहिला नगण्य असेल, तर शेड्युलरच्या हातात काही उरलेलंच नाही, सगळं डिस्कच्या पोटातल्या रांगेत जाऊन बसलंय. मग त्याच डिस्कच्या 'डिव्हाइस' फोल्डरमधली 'क्यू-डेप्थ' ३२ वरून ४ किंवा ८ करून पाहावी. रिक्वेस्ट बाहेरच राहतात आणि शेड्युलरला निवड करता येते. हा उपाय फार कमी लोक वापरतात, आणि जुन्या हार्ड डिस्कवर पडदा गोठण्याच्या तक्रारीत तो शेड्युलर बदलण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

विद्यापीठात किंवा कॉलेजात स्वतः ब्लॉक ड्रायव्हर लिहून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, प्रत्येक रिक्वेस्टमागे हार्डवेअरची घंटा (नवं काम आलंय हे सांगणारं रजिस्टरमधलं लिखाण) वाजवू नका. 'क्यू-आरक्यू' फंक्शनला मिळणाऱ्या माहितीत 'लास्ट' ही खूण असते. ती खरी असेल तेव्हाच एकदा घंटा वाजवली की महागडं लिखाण टळतं. पण मध्येच काही कारणाने रिक्वेस्ट सोडता आली नाही तर 'लास्ट' येतच नाही, आणि आधीच्या रिक्वेस्ट घंटेविना पडून राहतात. त्यासाठी 'कमिट-आरक्यूज' हे फंक्शन भरावंच लागतं. दुसरी, प्रत्येक रिक्वेस्टसाठी तिथल्या तिथे मेमरी मागू नका. टॅग-सेटमध्ये 'सीएमडी-साइझ' दिला की लागणारी जागा रिक्वेस्टसोबत आधीच राखलेली मिळते. प्रयोग 'नल-बीएलके' या कर्नलमधल्या खोट्या डिस्कच्या ड्रायव्हरवर करावेत, खरी डिस्क पणाला लावू नये.

वेगासाठी आणखी एक सल्ला दिला जातो: फाइलसिस्टीमचे 'बॅरियर' बंद करा. तो अजिबात मानू नका. बॅरियरमुळेच एफसिंकच्या वेळी डिस्कच्या कॅशमधला डेटा खरोखर तबकडीवर उतरतो. वळवाच्या पावसात वीज गेली आणि बॅरियर बंद असले तर नुसतं शेवटचं बिल जात नाही, फाइलसिस्टीमची जर्नलच (बदलांची नोंदवही) विस्कटू शकते. यूपीएस लावलेला असला तरी संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) उडाला तर तो काही करू शकत नाही. एफसिंकच फार महाग पडत असेल आणि डेटाबेस मायएसक्यूएल असेल, तर त्यातल्या इनोडीबी या साठवणीच्या भागाची लॉग-फ्लशची किंमत १ वरून २ करता येते. वीज गेली तर साधारण शेवटच्या सेकंदातले व्यवहार जाऊ शकतात, पण डेटाबेस शाबूत राहतो. हे मालकाला आधी सांगून, त्याचा होकार घेऊनच करावं.